कानेशच्या गल्लीतली तारिशा

तारिशा : ...मग पाणवठ्यावर त्या दोघी घागरी खाली ठेवून भांडायलाच लागल्या. भाषा मला कळली नाही, पण दर चार शब्दांनी माझं नाव. तारिशा असं, तारिशा तसं. एकीने दुसरीच्या अंगावरचं कापड ओढलं आणि माझं नाव घेऊन थुंकली. मी परवा संध्याकाळी या कानेश गावात गाढवावरून उतरले, एन्ना. एवढ्यात मी कुणाचं काय वाकडं केलं?

एन्ना : काही नाही केलंस, आई. शिडी जपून चढ. वरची पायरी हलते.

तारिशा : तू हसतोयस.

एन्ना : नाही गं.

तारिशा : तुझे बाबाही असेच ओठ दाबून हसायचे. मग महिन्याभराने मला कळायचं की कुणीतरी माझी थट्टा केली होती.

वालावाला : सासूबाई चढला का? शाबास. अजून एक पाऊल. हो, हो, हो. आता उभा राहा, हलू नका. मी ओझं उतरवतो.

तारिशा : बघ. बघ, काय बोलते ही तुझी बायको.

एन्ना : तुझ्या हातातली टोपली घेते, एवढंच म्हणाली.

तारिशा : अगं पोरी, मी बाई आहे. 'सासूबाई चढल्या' म्हणावं. आणि स्वतःला 'उतरवतो' नाही, 'उतरवते'.

वालावाला : चढल्या. उतरवते. हा लक्षात ठेवतो.

तारिशा : लग्नाला इतकी वर्षं झाली, एन्ना. बायकोला आपली भाषा धड शिकवली नाहीस?

एन्ना : मला भेटायच्या आधीच शिकली होती ती. वेशीजवळ तिच्या वडिलांची सराय. आपल्या अश्शूरहून येणारा प्रत्येक तांडा तिथेच उतरतो. गाढववाल्यांचं ऐकून ऐकून शिकली. त्यांच्यात बाई कुठून असणार? आणि इथल्या लोकांच्या स्वतःच्या बोलीत तो, ती असं वेगळं नाहीच. बाईला, पुरुषाला, सगळ्यांना एकच.

तारिशा : मग भांडताना कसं कळतं, कुणाविषयी चाललंय?

वालावाला : बोट दाखवतो.

तारिशा : आणि काल रात्री मला 'पाय उचल, पुढे हो, गवत मिळेल' म्हणालीस, ते?

वालावाला : गोड बोललो. गाढववाले चिडला की वेगळा बोलतो. तो मी सासूबाईंना कधी बोलणार नाही.

तारिशा : उपकार झाले. ही टोपली इकडे ठेव. काय काय भरलंस यात?

वालावाला : द्राक्षं, कांदा, भाकरी. लोणी.

तारिशा : परत लोणी.

एन्ना : इथे उन्हात बस, आई. आज निपास देवाचा उत्सव. राजा देवळातून बाहेर पडतो आणि सगळं गाव त्याच्यामागून आपल्या गल्लीतून जातं. या छतावरून जेवढं दिसतं तेवढं राजवाड्यातूनही दिसत नाही. बिअरचा रांजण आधीच वर आणलाय, पितेस का? तुझी प्यायची नळी वेगळी ठेवलीय.

तारिशा : आधी बस. वर आलोच आहोत आणि तिघंच आहोत, तर बोलून टाकते. तूही बस गं वालावाला. पाठीमागे बोलायची मला सवय नाही. तुझं नाव तर असं आहे, एकदा हाक मारली तरी दोनदा मारल्यासारखी वाटते.

वालावाला : म्हणून मी लवकर येतो.

तारिशा : ऐक. तांडा लवकरच परत फिरेल. घाटात बर्फ पडायच्या आत निघायचं म्हणतात. मी काही हे गाव बघायला एवढे डोंगर चढले नाही. मी एन्नाला घरी न्यायला आलेय.

एन्ना : आई.

तारिशा : मला पुरं बोलू दे. तुझे बाबा गेले. बहीण देवळात वाहिलेली, ती काही घरी येऊन राहायची नाही. मागाच्या खोलीत मी आणि विणायला ठेवलेल्या दोन मुली. सकाळी उठते तेव्हा बोटांची मूठ उघडत नाही, गरम पाण्यात धरावी लागते. उद्या मी अंथरुणाला खिळले तर दार कोण उघडणार? सगळ्यांची मुलं कधी ना कधी परत येतात. समोरच्या घरचा डोक्यावरचे सगळे केस गेल्यावर आला, पण आला.

वालावाला : आणि मी?

तारिशा : तुझं इथे माहेर आहे. तुला मी वाईट म्हणत नाही हं. परवा माझे पाय धुतलेस, चोळलेस, मी विसरणार नाही. पण हे असंच असतं, पोरी. आमची माणसं कथील आणि कापड घेऊन येतात, घर करतात, आणि एक दिवस गाढवं भरून परत जातात. इथल्या बायकांना ते ठाऊक असतं.

वालावाला : ठाऊक असतो. म्हणून मी लग्नाआधी विचारला. एन्ना बोलला, मी गाढव नाही, कोणी हाकला तरी जाणार नाही.

तारिशा : असं म्हणालास तू?

एन्ना : म्हणालो. अजूनही तेच म्हणतो. मी येणार नाही, आई. तूच इथे राहा. खालची मोठी खोली तुझी.

तारिशा : इथे? भाजीत लोणी, भाकरीवर लोणी, केसाला लोणी. तिळाचं तेल डोळ्यांना दिसत नाही. खजूर म्हटलं तर तीन सुकलेल्या बिया दाखवतात. आणि मला ओळखणारं एक माणूस नाही या गावात.

वालावाला : आहे.

एन्ना : वालावाला, आत्ता नको.

वालावाला : मग कधी? परवापासून लपवतो. सासूबाईंना वाटतो बायका शिव्या देतो त्याला.

तारिशा : काय लपवतो?

एन्ना : ढोल वाजले. आली मिरवणूक. आई, इकडे ये, कठड्याला टेक. तो बघ राजा, गाडीत उभा आहे तो.

तारिशा : तो? हा तर लहानखुरा दिसतो. मला वाटलं होतं... राहू दे, बायका कुठे आहेत? मागे? किती गं सजल्यात. ही पुढची काय सुरेख चालतेय, डोक्यावर द्राक्षांची परडी आणि... एन्ना.

एन्ना : काय?

तारिशा : ते माझं आहे. तिच्या खांद्यावरचं. ते मी विणलंय.

एन्ना : हो, आई.

तारिशा : इतक्या वरून मला दिसतंय, काठाला दुहेरी वीण आणि कोपऱ्यात जरासा पिवळा. नदीला पूर आला त्या वर्षीचं. घरात पाणी शिरलं होतं, लोकर भिजली, वाळवली तरी तो पिवळेपणा गेला नाही. मी म्हटलं होतं, हे कुणी घेणार नाही. कोण आहे ती?

वालावाला : भट्टीवाला बाई. भाकरी भाजतो. तो बोलतो, हा कापड सूर्याचा आहे, म्हणून पिवळा. विकत मागितला तरी देत नाही.

तारिशा : सूर्याचा. पुराच्या घाण पाण्याचा आहे तो, बाई. आणि तिच्या मागची बघ. पांढऱ्या केसांची. तिच्या अंगावरचं, मध्यभागी बघ, हातभर वीण घट्ट झालीय, बाकीच्यापेक्षा दाट. दिसतंय का तुम्हाला?

एन्ना : मला तर सगळं सारखंच दिसतं.

वालावाला : मला दिसतो. तो कापड मी हातात घेतला आहे. तिथे बोट जात नाही.

तारिशा : तुझे बाबा आजारी होते तेव्हाचं आहे ते, एन्ना. माग त्यांच्या उशाशी मांडला होता. रात्रभर ते कण्हायचे आणि मी विणायची. हात आवळला जायचा, कळायचंही नाही. ते गेले त्या दिवशी मी कापड मागावरून उतरवलं आणि गठ्ठ्यात सगळ्यांत खाली घातलं. मला ते परत बघायचं नव्हतं. कोण आहे ती म्हातारी?

वालावाला : सुईण. मूल झाला की पहिला त्या कापडात घेतो. घट्ट आहे ना, वारा लागत नाही. या गल्लीतला सगळा पोरं त्यात आला. माझा थोरला बहिणीचा दोन्ही पण. धुवून धुवून मऊ झाला, पण फाटत नाही.

तारिशा : सगळी पोरं?

वालावाला : सगळा. तो बघा, ढोलाच्या मागे पळतो तो. तो पण.

एन्ना : आई, बसतेस का जरा?

तारिशा : नाही. बाजूला हो, मला दिसत नाहीये. तिघी आल्या बघ एकदम. पहिलीचं माझं. दुसरीचं माझं. तिसरीचं माझं नाही, ते पोतं आहे. आणि ही कोण, छातीवर कापड कसं घेतलंय तिने... अगं बाई. कापलंय. एन्ना, तिने सुरी लावली माझ्या कापडाला. बाह्या शिवल्यात त्याला.

वालावाला : थंडी हाताला पण लागतो, सासूबाई.

तारिशा : अख्खं कापड अंगाभोवती घ्यायचं असतं. हात आतून धरतात.

वालावाला : मग गाय कशी पिळणार?

तारिशा : ते खरं. गाय आली की मग हात बाहेर लागणार. पण बाह्या! आमच्याकडे पाहिलं तर वेड्यात काढतील. त्या काय ओरडतायत? ऐक. परत माझं नाव. ती पोरगी त्या बाह्यावालीकडे बोट करून 'तारिशा' म्हणाली. आता सांग, एन्ना. नाहीतर मी खाली उतरून त्यांनाच विचारते.

एन्ना : सांगतो. पण रागवायचं नाही.

तारिशा : ते ऐकल्यावर ठरवीन.

एन्ना : मी पहिल्यांदा आलो तेव्हा मला इथलं काही बोलता येत नव्हतं. चौकात गठ्ठा सोडून बसलो. एक म्हातारी आली, तुझ्या कापडावरून हात फिरवला आणि काहीतरी विचारलं. मला वाटलं, कुणी विणलं असं विचारतेय. मी म्हणालो, तारिशा. ती विचारत होती, याला काय म्हणतात.

तारिशा : मग?

एन्ना : मग काय. दुसऱ्या दिवशी चार बायका आल्या आणि म्हणाल्या, तारिशा आहे का. मी कपाळाला हात लावला. पण कापड विकलं जात होतं, मी कशाला सुधारू? आता या गावात मऊ लोकरी कापडाला तारिशाच म्हणतात. कुणाला माहीतही नाही की हे एखाद्या बाईचं नाव आहे.

वालावाला : आमचा बोलीत एक तारिशा, दोन तारिशेस. हिवाळ्याचा तारिशा, लग्नाचा तारिशा. पोरीला लग्नात तारिशा मिळाला नाही तर तो वर्षभर आईशी बोलत नाही.

तारिशा : म्हणजे पाणवठ्यावर त्या दोघी...

वालावाला : एकाने दुसऱ्याचा तारिशा उसना नेला, उत्सवाला घालायला. परत देत नाही.

तारिशा : आणि ते पोतं? तिसऱ्या बाईच्या अंगावर होतं ते?

एन्ना : शेजारचा बुझिया विकतो. त्याची बायको अश्शूरहून विणून पाठवते. तोही 'तारिशा' म्हणूनच विकतो. सगळेच म्हणतात आता.

तारिशा : बुझियाच्या बायकोचं? तिचा माग माझ्या घराशेजारी आहे. तिला सांगितलं पाहिजे की इतकी वर्षं ती माझ्या नावाने पोती विणतेय.

एन्ना : आई, तू हसतेयस.

तारिशा : नाही. ओठ दाबतेय. तुझ्या बाबांना हे कळलं असतं ना, तर त्यांनी जेवण सोडून सगळ्या गल्लीला सांगितलं असतं. तारिशेस. कसं गं म्हणालीस? परत म्हण.

वालावाला : तारिशेस.

तारिशा : मी मेले तर काय म्हणतील? तारिशा फाटली?

वालावाला : तारिशा फाटत नाही, सासूबाई. जुना होतो, मऊ होतो.

तारिशा : जिभेला लोणी लावतेस का तू रोज? थांब. ती कोण? शेवटची, नाचत येतेय ती. लाल पट्टे.

एन्ना : ती होय? वालावालाची धाकटी बहीण, हताला.

तारिशा : तिच्या अंगावरचं माझं नाही.

एन्ना : बुझियाचं असेल.

तारिशा : बुझियाच्या बायकोला ही वीण सात जन्मांत जमायची नाही. ही माझी वीण आहे आणि माझी नाही. काठ बघ, लाटेसारखा वरखाली झालाय. माझा काठ पाण्यासारखा सरळ असतो. कुणाचं आहे हे, वालावाला? खाली काय बघतेस? माझ्याकडे बघ.

वालावाला : माझा. मी विणला.

एन्ना : तू?

तारिशा : हा काठ तुला कुणी शिकवला?

वालावाला : कोणी नाही. मी एक जुना तारिशा उसवला. एक एक दोरा. दोरा कुठून येतो, कुठे जातो, बघितला. परत विणला. परत उसवला. पण काठ सरळ येत नाही.

तारिशा : येणारच नाही. आईने मुलीच्या हातावर हात ठेवून शिकवायचा असतो तो. माझ्या आईने मला, तिच्या आईने तिला. हा काठ अश्शूरच्या बाहेर जात नाही. कळतंय का तू काय केलंस? उद्या इथल्या बायका हे विणायला लागल्या तर आमचे तांडे कशाला येतील? गाढवं काय वाहतील, वारा? माझ्या गल्लीतल्या वीस घरांच्या चुली या मागावर पेटतात.

एन्ना : मला का नाही सांगितलंस, वालावाला? मी याच घरात राहतो.

वालावाला : सांगितला असता तर तू विकला असता.

एन्ना : मी... बरं. विकलं असतं.

तारिशा : आणि तू काय केलंस त्याचं?

वालावाला : बहिणीच्या लग्नाला दिला. अजून दोन केला, दोन पोरींना दिला. आधी आम्हाला गरज नव्हता, सासूबाई. दोन वर्ष झाला, तुमचा कापड कमी येतो. एन्ना बोलला, लोकर महाग झाला असेल. मी बोललो, नाही. हात दुखतो.

तारिशा : कुणाचा हात?

वालावाला : तुमचा. पूर्वी काठाजवळ दोरा खूप ओढलेला असायचा. आता सैल. डाव्या बाजूला जास्त. नवीन गठ्ठा आला की मी पहिला काठ बघतो. मागच्या वेळी डावा काठ बघितला, मग मी रडला. इथे पोरींचा लग्न येतो, तारिशा पुरत नाही. मी बोललो, सासूबाईंचा हात थकला, थोडा आपण करू.

तारिशा : एन्ना.

एन्ना : काय, आई?

तारिशा : तुला कळलं होतं हे? माझ्या हाताचं?

एन्ना : नाही. मला फक्त गठ्ठे लहान झालेले कळले.

तारिशा : माझ्याबरोबर विणणाऱ्या दोन्ही मुलींना नाही कळलं. एकाच मागावर बसतो आम्ही. डावा हात. बरोबर. डावाच आधी गेला.

वालावाला : सासूबाई रागवला का?

तारिशा : रागावल्या. आणि थांब जरा, मला धड रागवू दे. त्या तुझ्या बहिणीला म्हणावं, कापड वर फेक. मला हातात घेऊन बघायचंय.

एन्ना : आई, मिरवणूक चालू आहे. ती बिचारी...

तारिशा : नाचतेय ना, थंडी वाजायची नाही.

वालावाला : हताला, ए हताला! तारिशा वर टाक. हो, तोच. मग देतो परत. टाक रे.

एन्ना : धरलं. हे घे.

तारिशा : हं. काठ वाईट आहे. दोरा बाहेरून आत घेतेस, आतून बाहेर घ्यायला हवा. आणि विंचरलं नाहीस नीट, कुसळ राहिलंय. मधली वीण मात्र... मधली वीण बरी आहे. बरी म्हणजे चांगली आहे. हा लाल कशाचा?

वालावाला : आमचा लाल.

तारिशा : तुमचा म्हणजे कशाचा? एन्ना, ती बिअर इकडे ओत जरा यावर. ओत म्हणते ना. आता टोपलीवरच्या पांढऱ्या कापडावर घास. अजून जोरात. बघू.

एन्ना : काहीच उतरलं नाही.

तारिशा : आयुष्यभर मी लाल रंगाशी भांडले. धुतला की वाहतो. पावसात भिजला की शेजारचा पांढरा गुलाबी होतो. तुझ्या बाबांच्या पाठीवर कायमचा पट्टा उमटला होता. म्हणून मी लाल घालायचंच सोडलं. कशाचा आहे गं हा?

वालावाला : डोंगरावर एक वेल असतो, त्याचा मुळं.

तारिशा : ती मुळं आमच्याकडेही येतात. मुळांत तू आणखी काय घालतेस?

वालावाला : तो कानेशच्या बाहेर जात नाही.

तारिशा : काय म्हणालीस?

वालावाला : माझा आईने मला शिकवला, त्याच्या आईने त्याला. उद्या अश्शूरचा बायका हा लाल करायला लागला तर आमचा डोंगरावर कोण येणार?

एन्ना : वालावाला, जरा बेताने. आई, ती थट्टा करतेय. आई? तू ठीक आहेस ना?

तारिशा : पाणी दे. हसून हसून बरगडी दुखली माझी. कुठून आणलीस रे ही? माझंच बोलणं धुवून, रंगवून माझ्या अंगावर टाकलं.

एन्ना : मग मी एक सुचवू का? काठ आमचा, लाल यांचा. एक वर्ष ठरवून आपण दोन्हीकडे...

तारिशा : तू खाली जा आणि रांजण भरून आण.

वालावाला : आणि मांस बघ, करपतो.

एन्ना : मी या घरातला व्यापारी आहे.

तारिशा : म्हणूनच.

(मिरवणूक गेल्यावर, खालच्या खोलीत. वालावालाचा माग भिंतीला टेकून उभा आहे.)

तारिशा : हा असा उभाच असतो? पडत नाही?

वालावाला : नाही. खाली दोऱ्यांना हा मातीचा गोळे बांधले आहे, तो ताणून धरतो. उभा राहून विणायचा, इकडून तिकडे चालायचं.

तारिशा : आमचा जमिनीवर आडवा. आयुष्यभर वाकून बसले, म्हणून तर कंबर गेली. हे गुडघ्यांना सोपं दिसतंय. गोळे भाजलेत वाटतं. यावर ठसा कुणाचा?

वालावाला : माझा आईचा अंगठा. हा माझा, लहान असताना.

एन्ना : रांजण ठेवला. मांस उतरवलं. आता मला कुणी सांगेल का, काय ठरलं ते?

तारिशा : कशाचं?

एन्ना : कशाचं म्हणजे? तू मला न्यायला आली होतीस. मी येत नाही म्हणालो. तू रागावली होतीस.

तारिशा : रागावलेच आहे. सगळा हिवाळा रागावणार आहे. तांडेवाल्याला निरोप दे, म्हातारीचं गाढव यंदा मोकळं न्या. आणि तांड्याबरोबर निघालेल्या बुझियाला सांग, घरी पोचल्यावर बायकोला म्हणावं, माझ्या मागावरच्या मुलींवर लक्ष ठेव. दोघींना साधी वीण येते, हिवाळाभर त्यांना माझी गरज नाही. खरं म्हणजे माझ्याशिवाय त्यांचा आवाज जरा मोकळा होईल.

एन्ना : आणि वसंतात?

तारिशा : वसंतात मी घरी जाईन. माझं दार माझ्याच हाताने उघडीन. पण तुम्ही दोघं मला पोचवायला यायचं. हिला अश्शूर बघू दे. खजूर खाऊ दे ताजे. माझ्या शेजारणींना तिचं बोलणं ऐकवायचंय मला, गल्लीत उभं राहून, 'पाय उचल, पुढे हो'. मग परत या खुशाल. मी काही घर बांधून ठेवणार नाही तुमच्या पायाला.

एन्ना : आणि काठ? गल्लीतल्या वीस चुली म्हणत होतीस.

तारिशा : अजूनही म्हणते. हा काठ या खोलीबाहेर गेला तर मी तुझी आई नाही. घरातल्या सुनेला शिकवणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे. सून घरातलीच असते. माझ्या आईने सांगितलं होतं मुलीला शिकव. मुलगी देवळात गेली, तिच्या हाताला आता धूप लागतो, लोकर नाही. मग मी हे कुणाच्या हातावर ठेवायचं? तुझ्या?

एन्ना : माझ्या नको.

तारिशा : तेच म्हणते. आणि लाल मला घरी न्यायचाय.

वालावाला : लाल पण खोलीबाहेर नाही.

तारिशा : माझ्या खोलीपर्यंत. तिथून पुढे नाही. देवाशपथ.

वालावाला : कोणता देव?

तारिशा : माझा. नाही, थांब, तुझा सांग. तुझ्याच देवाची घेते, म्हणजे तुला खात्री.

वालावाला : दोन्हीचा घ्या.

तारिशा : बघ एन्ना, हिला व्यापार तुझ्यापेक्षा चांगला येतो. बरं, दोन्ही. झालं? आता ये इकडे. हे अर्धं विणलेलं कुणासाठी आहे?

वालावाला : सुईणीला. जुना एकच, धुतला की लवकर वाळत नाही. दुसरा हवा.

तारिशा : सुईणीला. मग हे मात्र घट्ट विणायला हवं. माझ्याने आता तेवढा जोर लागणार नाही, तू लाव. हात दे. नाही, डावा. अंगठा असा खाली, दोरा नखाने उचल, बोटाने नाही. आतून बाहेर. आता ओढ. फार नाही. नाही, सुटला.

वालावाला : परत करते.

तारिशा : कर. आधी बिअरचा एक घोट घे.

वालावाला : असं?

तारिशा : जवळजवळ.

वालावाला : तुम्हाला किती दिवसात आला हा?

तारिशा : मला? माझी आई रोज डोक्यावर मारायची. तरी अख्खा हिवाळा गेला.

वालावाला : मग मला पण लागणार.

तारिशा : लागू दे. दोरा सोडू नकोस.